अर्ध्या इंचाचा उंबरठा

“तुमच्या घरात एकूण पायऱ्या किती?”

२०१७ सालच्या ऑक्टोबरात हॉस्पिटलमधल्या सोशल वर्कर बाईंनी मला हा प्रश्न विचारला आणि मी गोंधळलो. आईच्या खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया होऊन पाच दिवस झाले होते, दुसऱ्या दिवशी तिला घरी सोडणार होते. त्या घरात मी सहा वर्षे राहत होतो. कर्जाचा व्याजदर, फर्नेसचा फिल्टर बदलल्याची तारीख, छपराची हमी कधी संपते, सारे तोंडपाठ. पायऱ्या मात्र कधी मोजल्या नव्हत्या. बायकोला फोन लावला. तिने मोजून सांगितले : दाराबाहेर तीन, आत शिरल्यावर वर जाणाऱ्या सहा, खाली जाणाऱ्या सहा. बाईंनी ते लिहून घेतले आणि पुढचा प्रश्न केला, “बाथरूमचा दरवाजा किती रुंद?” तो निघाला २४ इंच. आईला मिळालेली चाकांची खुर्ची होती २५ इंच.

तो एक इंच आमच्या घरात पुढे अकरा आठवडे ठाण मांडून बसला. मंडळातल्या दोन मित्रांनी आणि मी मिळून आईला खुर्चीसकट नऊ पायऱ्या वर नेले, आणि जानेवारीत बहीण येऊन तिला परत घेऊन जाईपर्यंत ती खाली उतरली नाही. खुर्ची बाथरूमच्या दारापाशी थांबायची. तिथून पुढे तिला दोघांनी धरून न्यायचे. पहिला बर्फ तिने वरच्या खिडकीतून पाहिला, दिवाळीच्या पणत्या आम्ही तिला दाखवायला वर नेल्या. तिने तक्रार केली नाही. एकदाच म्हणाली, “वाईला असते तर निदान ओट्यावर तरी बसले असते रे.” त्यानंतर ती अमेरिकेत आलेली नाही.

इंजिनिअरिंगमध्ये डॉक्टरेट केलेल्या माणसाने असे घर घेतलेच कसे, हा प्रश्न मला फार छळत राहिला. मग जे आमच्यासारख्यांना करता येते तेच केले : वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आले की माझे घर वाईट बांधलेले नव्हते. ते अगदी नियमाप्रमाणे बांधलेले होते. दाराबाहेरच्या त्या तीन पायऱ्यांना आणि त्या २४ इंचांना एक इतिहास आहे, आणि तो आपण सर्वांनी जाणून घेण्यासारखा आहे. १९६५ च्या कायद्यानंतर जी पहिली मराठी मंडळी इथे आली, त्यांतले पुष्कळजण आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांतल्या किती जणांचे अंथरूण आज डायनिंग रूममध्ये आले आहे, ते मंडळात जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

आधी पायऱ्यांचे गणित सांगतो, कारण त्यात गूढ काहीच नाही. लाकडाला ओल आणि वाळवी लागू नये म्हणून ते जमिनीपासून साधारण आठ इंच वर ठेवावे, असा इथल्या बांधकामाचा नियम. त्या आठ इंचांवर दीड इंची फळी, तिच्यावर सव्वाअकरा इंच उंचीच्या तुळया, त्यांवर पाऊण इंची प्लायवूड. बेरीज करा : साडेएकवीस इंच. एक पायरी सुमारे सात इंचांची. झाल्या तीन पायऱ्या! त्यात आमच्या उत्तर इलिनॉयमध्ये हिवाळ्यात जमीन गोठते, म्हणून पाया साडेतीन फूट खाली न्यावाच लागतो. एवढे खणायचेच तर आणखी खणून बेसमेंट का करू नये, असा विचार बिल्डर करतो, आणि बेसमेंट आले की वर तुळया आल्याच. म्हणजे आपल्या दारातल्या पायऱ्या कोणी हौसेने घातलेल्या नाहीत. त्या बेरजेत उरलेल्या आहेत.

अमेरिकन घर कायमच असे नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिक परतले आणि घरांचा प्रचंड तुटवडा पडला. तेव्हा १९४७ साली लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत लेव्हिटाउन उभे राहू लागले. चार-पाच वर्षांत १७,००० हून अधिक घरे. खर्च वाचवण्यासाठी लेव्हिट बंधूंनी बेसमेंटला फाटा दिला आणि घरे सरळ काँक्रीटच्या फरशीवर उभी केली. दोन झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, सारे एका पातळीवर. (ही घरे फक्त गोऱ्यांना विकली जात, हेही त्याच इतिहासातले पान आहे, ते उलटून पुढे जाणे बरे नव्हे.) पन्नासच्या दशकात कॅलिफोर्नियातून आलेले बैठे ‘रँच’ घर देशभर पसरले. पुढे जमीन महाग झाली, कुटुंबांना जागा जास्त हवी झाली, आणि त्याच जागेत जास्त खोल्या बसवण्यासाठी स्प्लिट लेव्हल आणि दुमजली घरे आली. जिना हा भरभराटीचा पुरावा ठरला. ऐंशीच्या दशकात बांधलेले माझे घर याच परंपरेतले.

आता या गोष्टीतला मला सर्वांत चकित करणारा भाग सांगतो. म्हातारपणी सुखाने राहता येईल असे घर कसे असावे, हे जगाला म्हाताऱ्यांनी शिकवलेले नाही. ते तरुणांनी शिकवले.

आमच्या घरापासून सुमारे दीड तासावर रॉकफर्ड नावाचे गाव आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मी तिथे एक घर पाहायला गेलो. केनेथ लॉरेंट हा नौदलातला तरुण, युद्धाच्या काळात पाठीच्या कण्यातील गाठीवर शस्त्रक्रिया झाली आणि तो कमरेखाली लुळा झाला. त्याची पत्नी फिलिस हिने एका मासिकात फ्रँक लॉइड राइट यांच्या घराविषयी लेख वाचला आणि तिच्या मनाने घेतले की असेच घर आपल्याला हवे. १९४८ मध्ये त्यांनी राइटना पत्र पाठवले. त्याच वर्षी काँग्रेसने एक कायदा केला होता : युद्धात असे अपंगत्व आलेल्या सैनिकाला घर बांधण्यासाठी निम्मा खर्च, जास्तीत जास्त १०,००० डॉलर, सरकार देईल. राइट १९४९ मध्ये ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांनी आयुष्यात चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी आखलेले हे एकच घर. १९५२ साली लॉरेंट दांपत्य तिथे राहायला आले.

त्या घरात शिरताना काहीच जाणवत नाही, आणि जाणवत नाही हेच जाणून घेण्यासारखे आहे. पायरी नाही. उंबरा नाही. दरवाजे रुंद, लालसर काँक्रीटच्या फरशीखालून ऊब येते, म्हणून चाकांना अडवणारे गालिचे नाहीत. बागेकडची लांबलचक काचेची भिंत कमानीसारखी वळत जाते. मी उभ्याने पाहिले तेव्हा सगळे जरासे ठेंगणे वाटले. मग एका बैठकीवर बसलो आणि खोली एकदम जागच्या जागी आली. कपाटे, टेबले, खिडक्यांतून दिसणारी बाग, सारे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर जुळवलेले होते. हॉस्पिटलची कळा कुठेही नाही. राइट यांची इतर अनेक घरे अरुंद बोळांसाठी नावाजलेली आहेत, हे लक्षात घेतले की ब्याऐंशीव्या वर्षी त्या हट्टी माणसाने आपली सवय किती मोडली ते कळते.

लॉरेंट दांपत्याने त्या घरात साठ वर्षे काढली, २०१२ पर्यंत. घर तिशीतल्या माणसांसाठी आखलेले होते, पण नव्वदीपर्यंत पुरले. केनेथला म्हातारपण आले तेव्हा घराला काही नवीन शिकावे लागले नाही. पुढे २०१४ मध्ये ते लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. मुलांना घेऊन जरूर जा.

दुसरी गोष्ट तर माझ्या नाकाखालची. मी अर्बाना-शँपेनला इलिनॉय विद्यापीठात डॉक्टरेट केली. तिथल्या इमारतींच्या उतरणींवरून सायकल ढकलत, कपडे धुवायची ढकलगाडी ओढत पाच वर्षे काढली. या उतरणी इथे इतक्या का, असे कधी मनात आले नाही. १९४८ साली टिमथी न्यूजेंट या पंचविशीतल्या तरुणाने युद्धातून लुळे होऊन आलेल्या सैनिकांसाठी विद्यापीठाच्या गेल्सबर्ग शाखेत शिक्षणाची सोय सुरू केली. ती शाखा म्हणजे पूर्वीचे लष्करी हॉस्पिटल. वर्षभरातच सरकारने शाखा बंद करायचे ठरवले. विद्यार्थी चाकाच्या खुर्च्यांतून स्प्रिंगफील्डला राज्याच्या राजधानीत निदर्शने करायला गेले. शेवटी अर्बानाने ‘प्रयोग म्हणून’ काहींना घेतले. न्यूजेंट हा मोजमापाचा माणूस. खुर्ची वळायला किती जागा लागते, हात कुठवर पोचतो, किती चढावर दम लागतो, हे त्याने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन मोजले. त्या कामातून १९६१ मध्ये अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय मानक निघाले, ए११७.१. अवघी सहा पाने. दारातून मोकळी वाट ३२ इंच, आणि एक फूट चढायला बारा फूट उतरण, हे आकडे तेव्हापासून चालत आलेले आहेत.

इथे इंजिनिअर म्हणून एक शंका नोंदवतो. न्यूजेंटचे बहुतेक विद्यार्थी विशीतले, दंड भरलेले. बारास एक हा चढ त्यांच्या हातांना झेपणारा. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, शस्त्रक्रिया झालेल्या बाईला तो झेपेलच असे नाही. आमच्या साडेएकवीस इंचांसाठी त्या हिशेबाने साडेएकवीस फूट उतरण लागली असती, आणि डिसेंबरात तिच्यावर बर्फ साचून तिची घसरगुंडी झाली असती. उतरण ही पायरी घालून झाल्यावर केलेली दुरुस्ती आहे. पायरीच नसणे ही मूळची रचना. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हा फरक रोज भोगावा लागतो.

सैनिकांच्या पाठोपाठ आली पोलिओची मुले. १९५२ या एकाच वर्षी अमेरिकेत सुमारे ५८,००० लोकांना पोलिओ झाला. १९५५ मध्ये साल्क यांची लस आली, तोवर हजारो मुले कुबड्यांवर आणि खुर्च्यांवर गेली होती. ती मोठी झाली, कॉलेजांत गेली आणि दारांवर धडकली. बर्कलीला १९६२ मध्ये प्रवेश मिळवणारे एड रॉबर्ट्स त्यांतलेच. नॉर्थ कॅरोलिनातला रॉन मेस हाही त्यांतलाच. नवव्या वर्षी पोलिओ झाला. पुढे वास्तुकला शिकताना त्याला कॉलेजचे जिने दुसऱ्यांनी उचलून चढवावे लागत, आणि स्वच्छतागृहात त्याची खुर्ची जात नसे. १९६६ मध्ये तो पदवीधर झाला. आपल्याच राज्यासाठी त्याने १९७० च्या दशकात बांधकामाचे नियम लिहून दिले, आणि पुढे ‘युनिव्हर्सल डिझाइन’ हा शब्द रूढ केला.

मेसचे म्हणणे वरवर साधे. अपंगांसाठी वेगळे, म्हाताऱ्यांसाठी वेगळे असे करत बसू नका. मुळातच असे करा की जवळजवळ सर्वांना वापरता येईल, आणि ते इतके सुरेख करा की कोणाला कळूही नये. लिव्हरचा दरवाजा कोपराने उघडतो, मग तुमच्या हाताला संधिवात असो की दोन्ही हातांत पटेल ब्रदर्सच्या पिशव्या. आपल्या बहुतेक स्वयंपाकघरांत जाड काळ्या रबरी मुठीचे सोलाणे असते, ते सॅम फार्बर यांनी १९९० मध्ये बाजारात आणले, बायकोचे सांधे दुखत म्हणून. ते घेताना आपण कधी ‘अपंगांचे साहित्य’ म्हणून घेतले? १९९७ मध्ये मेसच्या गटाने या विचाराची सात तत्त्वे मांडली. त्यांतले एक म्हणजे चूक सहन करणारी रचना : माणूस चुकणार हे धरून चालायचे, आणि चुकला तर त्याची हानी कमीत कमी व्हावी हे पाहायचे. मी प्रोग्रॅम लिहिताना हे पाळतो. घर घेताना आठवलेही नाही. मेस १९९८ च्या जूनमध्ये गेला, अवघ्या छप्पन्न-सत्तावन्नाव्या वर्षी, एका परिषदेत भाषण केल्यानंतर थोड्याच दिवसांनी. ज्या म्हातारपणासाठी त्याने घरे आखली ते त्याच्या वाट्याला आलेच नाही.

कायद्यांची कथा लांब आहे, धावती सांगतो. १९६८ मध्ये सरकारी इमारती आल्या. १९७३ च्या कायद्यातले ५०४ वे कलम अमलात यावे म्हणून १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अपंगांनी सरकारी कचेरीत तीन आठवड्यांहून अधिक काळ ठिय्या दिला. १९८८ मध्ये चार किंवा अधिक बिऱ्हाडांच्या नव्या इमारती आल्या. १९९० च्या मार्चमध्ये कुबड्या आणि खुर्च्या टाकून माणसे कॅपिटॉलच्या पायऱ्या हातांवर सरपटत चढली, त्यांत आठ वर्षांची एक मुलगीही होती. जुलैत एडीए कायद्यावर सही झाली. दुकान, उपाहारगृह, सिनेमा, कचेरी, सगळे त्यात आले.

आणि स्वतःचे स्वतंत्र घर? ते कशातच आले नाही. अमेरिकन माणसाचे घर ही त्याची गढी, तिच्या दारात सरकारने पाऊल ठेवू नये ही इथली जुनी धारणा. मी माझ्या आईला कुठल्याही मॉलमध्ये खुर्चीवरून नेऊ शकलो असतो, माझ्या ऑफिसातही. फक्त माझ्या घरात नेऊ शकत नव्हतो.

ही गढी फोडायचा प्रयत्न अटलांटात झाला. एलिनॉर स्मिथ, पुन्हा बालपणी पोलिओ झालेल्या, खुर्चीवर वावरणाऱ्या. १९८० च्या दशकात नवी घरे बांधली जात असताना पाहून त्यांच्या मनात आले की प्रत्येक घर असेच बांधले तर माझ्यासारखीने मैत्रिणीकडे जेवायला जायचे कसे? १९८७ पासून त्यांच्या ‘काँक्रीट चेंज’ या गटाने तीनच मागण्या लावून धरल्या : एका तरी दाराला पायरी नको, आतल्या दारांतून ३२ इंच मोकळी वाट हवी, आणि तळमजल्यावर खुर्ची आत जाईल असे एक बाथरूम हवे. बस्स. कुठल्याही चांगल्या इंजिनिअरला आवडेल अशी ही मागणी, कारण तिच्यातून आणखी काही काढता येत नाही. १९९२ मध्ये अटलांटा शहराने, सरकारी मदतीने बांधल्या जाणाऱ्या घरांपुरता का होईना, तसा नियम केला. २००२ मध्ये अॅरिझोनातल्या पिमा काउंटीने सगळ्याच नव्या घरांना तो लावला. बिल्डर मंडळी कोर्टात गेली आणि २००३ मध्ये हरली. इंग्लंडने १९९९ पासूनच नव्या घरांना बिनपायरीचे दार आणि तळमजल्यावर शौचालय सक्तीचे केलेले होते, तिथे गढ्या काही कोसळल्या नाहीत.

आता माझ्या जखमेवर मीठ. २००३ मध्ये असा नियम करणाऱ्या अमेरिकेतल्या मोजक्या गावांपैकी एक म्हणजे बोलिंगब्रुक. आमच्या नेपरव्हिलला लागून! २०११ मध्ये घर शोधताना आम्ही बोलिंगब्रुकलाही तीन-चार घरे पाहिली होती. शाळांचे क्रमांक, तळघराची उंची, ग्रॅनाइटचा ओटा, सारे तपासले. दारात पायरी नाही हे मी पाहिलेही असेन, पण त्याची किंमत शून्य धरली. तेव्हा मी तिशीत होतो.

म्हणूनच मला वाटते की म्हाताऱ्यांनी हे घर मागितले नाही यात नवल काही नाही. सैनिक एका दिवसात लुळा झाला, पोलिओची मुलगी एका तापात. त्यांना दुसरा मार्गच नव्हता. म्हातारपण मात्र एकेक पायरीने येते आणि प्रत्येक पायरीवर आपण म्हणतो, अजून अवकाश आहे. अमेरिकन लोकांनी यावर जो उपाय काढला तो बहुधा घर सोडण्याचाच होता. १९६० च्या एक जानेवारीला अॅरिझोनात सन सिटी सुरू झाली, फक्त निवृत्तांचे गाव, तेव्हा पहिल्या तीन दिवसांत लाखभर माणसे पाहायला लोटली म्हणतात. १९६५ मध्ये मेडिकेड आले आणि नर्सिंग होमचा खर्च सरकार भरू लागले. घराचा दरवाजा रुंद करायचा खर्च मात्र ज्याचा त्याने करायचा.

यंत्रांविषयीही दोन शब्द, कारण माझ्याकडून तीच अपेक्षा असते. गळ्यात बटण घालून, पडल्यावर ते दाबायचे, ही सेवा अमेरिकेत १९७० च्या दशकात सुरू झाली. १९८९ च्या सुमाराच्या तिच्या जाहिरातीची टीव्हीवर इतकी टिंगल झाली की पुष्कळ आजोबांनी ते बटण ड्रॉवरमध्ये टाकून दिले. अटलांटातच जॉर्जिया टेकने २००० च्या आसपास ‘अवेअर होम’ नावाचे प्रयोगघर बांधले, भिंतीभिंतीत सेन्सर. आईच्या खोलीत मीही दोन सेन्सर लावले होते. ती उठली की माझ्या फोनवर घंटी वाजे. यंत्रणा उत्तम चालली. ती मला नेमकेपणाने कळवत असे की आई उठली आहे आणि तिला बाथरूममध्ये जाता येत नाही.

आता वाईच्या ओट्याविषयी. आपल्यातले बरेचजण म्हणतात, आपल्या जुन्या घरांत म्हाताऱ्यांची कशी छान सोय होती! मीही म्हणत असे. आमचे वाईचे घर दीडशे वर्षांचे. रस्त्यावरून ओट्यावर चढायला चार दगडी पायऱ्या, मग पडवी, मग माजघर. प्रत्येक दाराला वीतभर उंच उंबरठा. माडीवर जाणारा जिना इतका उभा की दोराला धरून चढायचे. शौचकूप परसात, न्हाणीघर मागच्या अंगणापलीकडे. चाकाची खुर्ची त्या घरात चार हातही गेली नसती. तरी माझी आजी शेवटची सहा वर्षे तिथेच, माजघरात देवघराच्या दारापाशी, अंथरुणावर राहिली आणि तिथेच गेली. तिला हॉस्पिटल माहीत नव्हते, परके माणूस माहीत नव्हते. हे घराने केले का? ते माझ्या आईने केले. भांडे देणे, उचलणे, गरम पाण्याने अंग पुसणे, कूस बदलणे. सहा वर्षांत ती माहेरी एकूण किती दिवस राहिली, ते तिने मला कधी सांगितले नाही, मीही विचारले नाही. त्या घराच्या रचनेत जे जे उणे होते ते सुनेच्या कमरेने भरून काढले.

इथे ती कंबर नाही, आणि असावी अशी माझी इच्छाही नाही. त्या अकरा आठवड्यांत माझी बायको ऑफिस सांभाळून आईला धरत होती. तेव्हा आईच मला म्हणाली, “तिच्या पाठीकडे बघ. माझी पाठ कशी गेली ते ठाऊक आहे ना तुला?”

जुन्या घरात दुरुस्त्या करून पाहायचे ठरवले होते. बाथरूमचा दरवाजा रुंद करायला कंत्राटदाराने भिंत उघडली तर आत सांडपाण्याचा उभा नळ आणि वायरींचा जुडगा. भिंतीला कठडा लावायचा तर अर्ध्या इंचाच्या ड्रायवॉलमागे पोकळी, माणसाचे वजन ती कशी घेणार? बांधतानाच स्टडच्या मधे लाकूड ठोकले असते तर काही डॉलरांचे काम. बांधून झाल्यावर प्रत्येक गोष्टीला हजारांत किंमत. शेवटी ते घर विकले आणि नवे बांधायला घेतले.

नवे घर बैठे आहे. तुळया पायाच्या भिंतीवर न ठेवता भिंतीच्या आत खाली घेतल्या, म्हणजे साडेएकवीस इंचांची बेरीज मुळातच मोडली. बाहेरची माती पाण्याचा निचरा सांभाळून अंगणापासून दारापर्यंत हलकेच चढत येते. सगळे दरवाजे ३६ इंची. शॉवरला कठडा नाही, तिथली लाकडी जमीन आधीच खाली घेतली आणि फुटाला पाव इंच उतार दिला. बाथरूमच्या भिंतींत चौफेर प्लायवूड ठोकले. ड्रायवॉल चढण्यापूर्वी प्रत्येक भिंतीसमोर मोजपट्टी धरून फोटो काढले आणि ते दोन ठिकाणी जपून ठेवले आहेत, वीस वर्षांनी कठडा कुठे ठोकायचा ते कळावे म्हणून. बिल्डरने सहानुभूतीने विचारले, घरात कोणी अपंग आहे का? मी म्हटले, अजून नाही.

गेल्या महिन्यात व्हिडिओवर आईला घर दाखवत होतो. दाराशी आलो तर ती म्हणाली, “उंबरठा कुठंय?”

मी कौतुकाने सांगितले, उंबरठाच नाही, तीच तर गंमत आहे.

“उंबरठा नाही म्हणजे? मग हळदीकुंकू कशाला लावायचं? आणि उद्या नातसून आली तर माप कुठं ठेवशील?”

याचे उत्तर मानकात होते. अर्ध्या इंचापर्यंत पट्टी चालते, कडा उतरत्या तासलेल्या असल्या की चाक अडत नाही. पाणी आणि वारा अडवायला आम्हाला तशी पट्टी बसवायचीच होती. मी कॅमेऱ्यासमोर दोन बोटांत अर्धा इंच दाखवला.

तिने चष्मा वर करून पाहिले. “एवढासा? बरं, असूदे. माप ठेवायला पुरे.” मग थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. फोन ठेवताना म्हणाली, “तिकडची थंडी कधी कमी होते रे, एप्रिलात ना?”